गाडीखालचं पाणी

"अहो, खाली पाणी आहे," कारखान्याच्या स्टोअरमधल्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी चपलांसकट दोन्ही पाय उचलून धरले. गाडी सिग्नलला थांबली होती, एसी चालू होता, काचेबाहेर रस्ता उन्हाने पांढरा पडला होता. त्याने वाकून पाहिलं. बाईंच्या पायाखालच्या रबरी मॅटमध्ये चांगलं बोटभर पाणी साचलं होतं आणि ब्रेक लागल्यामुळे ते एकदा पुढे जाऊन परत मागे आलं होतं. त्याच्या तोंडात एक वाक्य तयार झालं, इस्त्री करून ठेवलेल्या रुमालासारखं आयतं: तुमची बाटली उघडी राहिली असेल. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं, कारण ते एकदा वापरून झालेलं होतं. चौदा महिन्यांपूर्वी याच गाडीत, याच सीटवर बसलेल्या आपल्या मुलीला त्याने ते शब्दाला शब्द असंच ऐकवलं होतं आणि पुढच्याच सिग्नलला ती दार उघडून उतरून गेली होती. बाईंच्या हातात तर बाटलीही नव्हती. त्यांची स्कूटर बिघडली म्हणून आज पहिल्यांदाच तो त्यांना घरी सोडत होता. "कधीपासून गळतंय हे?" त्यांनी पाय तसेच अधांतरी धरून विचारलं. त्याने आठवून पाहिलं. या सीटवर चौदा महिन्यांत कोण बसलं होतं? नमुन्याच्या नळांचे खोके बसले होते. एकदा इस्त्रीचे कपडे, एकदा छत्री. खोक्यांना पाय नसतात. "बघतो," तो म्हणाला, आणि हिरवा दिवा लागला.

नळांच्या कारखान्यात तो तपासणी खात्याचा प्रमुख होता. बाकावर नळ बसवायचा, दाबाचं पाणी सोडायचं, घड्याळ लावून एक मिनिट थांबायचं आणि मग कोरडं बोट नळाच्या मानेवरून हळूच फिरवायचं. बोट ओलं झालं की नळ परत. मधल्या काळात यंत्रं आली, यंत्रांवर लाल-हिरवे दिवे आले, पण शंकेचा नळ शेवटी त्याच्या बोटाकडेच यायचा. माघारी सगळे त्याला थेंबे म्हणत, इतक्या सहजपणे की नव्याने लागलेल्या एका कारकून बाईंनी रजेच्या अर्जावर 'माननीय थेंबेसाहेब' असं लिहून दिलं होतं आणि त्याने मुकाट्याने त्याखाली सही केली होती. खात्यात त्याचं एक वाक्य सगळ्यांना पाठ होतं. नळ आपण होऊन गळत नाही, कोणीतरी तो नीट आवळलेला नसतो. गळका नळ सापडला की त्याचा पहिला प्रश्न, हा कोणाच्या हातचा? उत्तर मिळालं की त्याला बरं वाटायचं. नळ दुरुस्त होवो न होवो, चूक कोणाची ते कळलं की जगाची घडी नीट बसल्यासारखी वाटायची. आता थेंबेसाहेबांच्या गाडीत तळं साचलंय ही बातमी उद्या जेवणाच्या सुट्टीत स्टोअरमधून सगळीकडे जाणार, दिव्याखाली अंधार म्हणून लोक हसणार, हे त्याला दिसत होतं. हसेनात का बापडे. त्याला भीती वाटत होती ती त्या इस्त्री केलेल्या वाक्याची.

बाईंना सोडून तो घरी आला आणि गाडी बंद करून तसाच बसून राहिला. मग शेजारी वाकून त्याने मॅटखाली बोट घातलं. खालचं कार्पेट भिजून फुगलं होतं, बोट दाबलं की पाणी वर येत होतं, आणि कुबट वास. हा वास त्याला बरेच दिवस येत होता, पण त्याला वाटायचं, वय झालं की माणसाला कसले कसले वास येतात. त्या दिवशीचा प्रसंग त्याला नेहमी पाण्यापासूनच आठवायचा. "बाबा, माझे पाय ओले होतायत." "तुझी बाटली उघडी राहिली असेल." "बंद आहे." "मग कुठे आहे, दाखव." तिने सीटखाली हात घालून पाहिलं, मागे वळून पाहिलं, बाटली काही सापडेना. "सापडत नाही म्हणजे सांडलीच. वस्तूंकडे लक्ष देत जा जरा. आईसारखं करू नकोस." यातलं शेवटचं वाक्य बोलायला नको होतं हे त्याला ते बोलतानाच कळलं होतं, पण पाणी सांडलं होतं आणि सांडणारं माणूस समोर होतं, मग जीभ कुठली थांबते. सिग्नल लागला, तिने दार उघडलं, म्हणाली, "मी इथे उतरते." मागून हॉर्न सुरू झाले, दिवा हिरवा झाला, त्याला गाडी पुढे घ्यावीच लागली. दोन चौक पुढे जाऊन तो वळून आला तोवर तिथे कोणीच नव्हतं. त्याआधी घटस्फोटानंतरची चार वर्षं ती एकाआड एक रविवारी नेमाने त्याच्या गाडीत बसत आली होती. तिच्या आईच्या घरून निघायचं, कुठेतरी काहीतरी खायचं, परत सोडायचं. त्याच्या दोन खोल्यांच्या घरी ती क्वचित यायची. राहायला तर कधीच नाही, कारण मागच्या खोलीत पलंग बसत नाही, हे त्याने घर घेतलं तेव्हाच सगळ्यांना सांगून टाकलं होतं. त्या सिग्नलनंतर वाढदिवसाचे निरोप तेवढे आले-गेले. आणि आता काल, सोमवारी, तिचा निरोप आला होता. तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती. "रविवारी सोडाल का? सामान आहे. नाही जमलं तर सांगा, मी दुसरं काही बघते." आयुष्यभर 'बाबा, तू' म्हणणाऱ्या मुलीचं ते 'सोडाल का' वाचून त्याला एखाद्या अनोळखी माणसाने दार उघडल्यासारखं झालं. 'जमेल' एवढं लिहायला त्याने अर्धा तास घेतला. चार तासांचा रस्ता होता. चार तास ती त्याच सीटवर बसणार होती आणि तिथे पाणी होतं. रविवारच्या आत ती जागा कोरडी व्हायलाच हवी होती.

गॅरेजवाल्याला सगळे मामा म्हणत. बुटका, जाड चष्म्याचा माणूस, बोलताना समोरच्याकडे न बघता गाडीकडे बघायचा, दुखणं गाडीच सांगणार असल्यासारखा. बुधवारी सकाळी त्याने खाली वाकून काहीतरी पाहिलं, हवेच्या पाइपने खालून जोरात फुंकर मारली, बदाबदा पाणी पडलं. "एसीच्या ड्रेनची नळी तुंबली होती. झालं. न्या." पाच मिनिटांचं काम. एवढ्या पटकन सुटलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायची त्याला सवय नव्हती. संध्याकाळी त्याने मॅट काढली, त्या जागी वर्तमानपत्राच्या चार घड्या अंथरल्या, काचा बंद करून एसी लावला आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाळीस मिनिटं गाडीत बसून राहिला. शेजारची सीट रिकामी, खाली वर्तमानपत्र, समोर सिमेंटची भिंत. रखवालदार एकदा डोकावून गेला, साहेबांचं बरं आहे ना अशा चेहऱ्याने. त्याने हात हलवला. विसाव्या मिनिटाला पहिल्या पानावर नाण्याएवढा डाग पडला, मग बशीएवढा. तो एकटक बघत बसला. कारखान्यात एक मिनिट थांबायला जड जायचं नाही, इथे चाळीस मिनिटं कशी गेली ते कळलं नाही, आणि एकदम त्याच्या लक्षात आलं की गेल्या चौदा महिन्यांत आपण कोणाच्याही शेजारी इतका वेळ बसलेलो नाही. हे तर नुसतं वर्तमानपत्र होतं. त्याला फार एकटं वाटलं, इतकं की त्याने घाईघाईने एसी बंद केला.

गुरुवारी तो ते ओलं वर्तमानपत्र पिशवीत घालून मामाकडे गेला. "काम कोणी केलं होतं?" "मीच." "मग नळी नीट बसवली नसणार. दोन वर्षांपूर्वी ब्लोअरचं कामही तुमच्याकडेच झालं होतं. तेव्हा कोणी उघडलं होतं हे?" मामाने चष्मा काढून पुसला. "साहेब, पाणी कुठून येतंय ते शोधायचंय, का कोणाला तरी धरायचंय?" "दोन्ही." "दोन्हीला वेळ लागेल," मामा म्हणाला. "नुसतं पाणी हवं असेल तर शनिवारी देतो. डॅशबोर्ड उतरवावा लागेल, सीट काढावी लागेल, कार्पेट वाळवावं लागेल." "रविवारी सकाळी मला लांब जायचंय." "शनिवारी म्हटलं ना." मग मामाने विचारलं, "एक सांगा. एसी लावून गाडी उभी केली की खाली जमिनीवर पाणी पडायचं का?" "नाही," तो जरा अभिमानानेच म्हणाला. "माझ्या गाडीखाली कधीच थेंब नसतो." ते खरं होतं. पार्किंगमध्ये सगळ्यांच्या गाड्यांखाली ओले डाग असायचे, त्याच्या गाडीखाली नाही. "साहेबांची गाडी एकदम कोरडी," असं रखवालदार मागच्या उन्हाळ्यात म्हणाला होता, आणि ते वाक्य त्याने चार दिवस जपलं होतं. जगात एवढी गळती असताना आपलं तेवढं नीट आवळलेलं. मामा पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून हसला. "अहो, तिथेच तर पाणी मुरत होतं. एसी म्हटला की पाणी होणारच. हवेतलंच असतं ते, तुमच्या-आमच्या श्वासातलंसुद्धा. ते खाली रस्त्यावर पडायला हवं. पडत नाही म्हणजे आत जातंय." तो चालत घरी आला. वाटेत उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या खाली त्याने वाकून पाहिलं. एका गाडीखाली थेंब पडत होते, मिनिटाला बेचाळीस. गाडीवाला आत बसून फोनवर कोणाशी तरी खदखदा हसत होता.

शनिवारी दुपारी गॅरेजमध्ये त्याची गाडी दारं उघडून उभी होती. शेजारची सीट बाहेर फरशीवर ठेवलेली, एकटी. घरातलं सामान रस्त्यावर आल्यावर जसं वाटतं तसं त्याला वाटलं. मामाने त्याला आत वाकून बघायला लावलं. कार्पेटखालचा पत्रा गंजून लाल झाला होता. "हे आत्ताचं नाही, वर्ष-सव्वा वर्षाचं काम आहे," मामा म्हणाला. "आधीही असेल. नळीत धूळ बसून बसून दगड झाला होता. बुधवारी फुंकर मारली तेव्हा अर्धीच मोकळी झाली, ती माझी चूक. नळी बदलली आता." चूक कोणाची ते इतक्या सरळ सांगितलं गेलं, आणि त्याला काही बरंबिरं वाटलं नाही. "पण एवढे दिवस तुम्हाला कळलं कसं नाही? शेजारी बसणारं माणूस पहिल्या दिवशी ओरडतं, पाय ओले झाले म्हणून. कोणी सांगितलं नाही?" "सांगितलं होतं," तो म्हणाला. मामाने टेबलाकडे मान वळवली. टेबलाच्या कडेला सीटखाली सापडलेल्या वस्तू मांडून ठेवल्या होत्या. पेनाचं टोपण, केसांची गंजलेली क्लिप, आणि एक निळी पाण्याची बाटली. "सीटच्या पट्टीत आडवी अडकली होती," मामा म्हणाला. "हात घालून नसती सापडली." बाटली भरलेली होती. झाकण घट्ट लावलेलं. त्याने ती उलटी धरली, घड्याळाकडे पाहिलं, एक मिनिट थांबला आणि झाकणाच्या कडेवरून कोरडं बोट फिरवलं. कोरडंच राहिलं. चौदा महिने आडवी पडून या बाटलीने एक थेंब सांडला नव्हता. ती बंद आहे असं तिने सांगितलं होतं. त्याच्या खात्यात ती बाटली पहिल्या फटक्यात पास झाली असती. तो मामाकडे पाठ करून उगाच भिंतीवर टांगलेले पाने मोजत राहिला.

सीट परत बसवल्यावर मामाने किल्ली त्याच्या हातात दिली नाही. "गाडी देताना मी चालवतो आणि मालकाला शेजारी बसवतो. आमची पद्धत आहे. चप्पल काढा, पाय खाली नीट टेकवा, ओल लागली तर सांगा." तो बसला. अकरा वर्षांत या गाडीत या बाजूला तो कधीच बसला नव्हता. गाडी त्याची, पण इथून ती परकी दिसत होती. समोरच्या कप्प्याच्या दारावर खाली, चालवणाऱ्याला कधीच दिसणार नाही अशा जागी, एक लहानसा चिकट कागद होता, त्यावर पेनाने काढलेलं मांजर, मिशा वाकड्या. तेरा-चौदा वर्षांची असताना काढलेलं असावं. मामाने एसी पूर्ण लावला, गाडी मोठ्या रस्त्याला घेतली. ब्लोअर त्याच्या गुडघ्यांसमोरच होता. तो भणाणत होता, पिठाच्या गिरणीसारखा. चालवताना हा आवाज एवढा कधी लागला नव्हता. "पुढे खड्डा आहे," तो म्हणाला. मामाची नजर रस्त्यावर. "हां?" "खड्डा आहे म्हटलं." "हां?" मामा म्हणाला, मान किंचित वळवून, आणि खड्डा येऊन गेला. "काही नाही," तो म्हणाला. आणि ते दोन शब्द त्याच्याच तोंडून बाहेर पडले तसं काहीतरी सरकलं. त्या दिवसाची आठवण पाण्यापासून सुरू होत नव्हती. त्याच्या आधी काहीतरी होतं. ती काहीतरी म्हणाली होती. तो "हां?" म्हणाला होता, नजर रस्त्यावर ठेवून. ती परत म्हणाली होती. त्याला वाटलं होतं, उकडतंय म्हणतेय, म्हणून त्याने एसी वाढवला होता. मग ती म्हणाली होती, "काही नाही." आणि मग पाणी. चौदा महिने तो पाण्यावरून साप साप म्हणून भुई धोपटत होता. तिने काय विचारलं होतं? किंवा सांगितलं होतं? त्याने डोळे मिटून तिचे ओठ आठवायचा प्रयत्न केला, पण तिच्याकडे त्याने त्या वेळी पाहिलंच नव्हतं, तर आठवणार काय. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. "ओल लागतेय का?" मामाने ओरडून विचारलं. "नाही," तो ओरडून म्हणाला. "कोरडं आहे."

रविवारी सकाळी ती तिच्या आईच्या इमारतीखाली दोन बॅगा, एक उशी आणि कुंडीतलं रोप घेऊन उभी होती. केस कापले होते. चेहरा तोच, पण बसण्याची रीत बदलली होती. तिने पट्टा स्वतःच पटकन लावला आणि पर्स मांडीवर घट्ट धरली, भाड्याच्या गाडीत बसतात तशी. "मॅट नवीन घेतलीत?" "हो." बस, एवढंच. शहर संपलं. काचा थोड्या खाली होत्या, हवा अजून गार होती. त्याने एसी लावला नव्हता. बोलायचं ते सगळं त्याने शनिवारभर मनात मांडून ठेवलं होतं, आधी बाटली, मग पाणी, मग माझी चूक झाली, असं एकाखाली एक, आणि आता पहिलंच वाक्य तोंडातून निघेना. शेवटी टोलनाक्यावर गाड्यांच्या रांगेत थांबल्यावर तो म्हणाला, "तुझी बाटली सापडली."

"कुठली बाटली?"

"निळी. सीटखाली अडकली होती. झाकण बंद होतं. तू बरोबर सांगत होतीस. गळत होता तो एसी, नळी तुंबली होती. मामा म्हणाला, वर्ष-सव्वा वर्षाचं काम आहे. म्हणजे त्या दिवशीही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "बाबा, तुम्ही कशाबद्दल बोलताय?"

"तू उतरून गेलीस त्या दिवशी. मी तुला बाटलीवरून बोललो होतो."

तिने आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं, कपाळाला आठ्या घालून. "असेल," ती म्हणाली. "मला पाण्याचं काही आठवत नाही. पाण्यावरून कोणी उतरून जातं का?"

रांग पुढे सरकली. चौदा महिने त्याने त्या पाण्याचा थेंब न थेंब मोजला होता, आणि तिच्याकडे तो पोचलाच नव्हता. मागचा हॉर्न वाजला म्हणून त्याने गाडी पुढे घेतली, नाका पार केला आणि थोडं पुढे जाऊन, काही न सांगता, गाडी कडेला घेऊन थांबवली. इंजिन बंद केलं. "त्याच्या आधी," तो म्हणाला, "तू काहीतरी म्हणाली होतीस. मी हां म्हटलं. तू परत म्हणालीस. मग म्हणालीस, काही नाही. काय होतं ते?"

"जाऊ द्या ना. जुनं झालं."

"मला ऐकू आलं नव्हतं ग. काल मी तिथे बसलो होतो, तुझ्या जागी. तिथून बोललेलं इकडे ऐकू येत नाही." हे सांगताना त्याचा आवाज चमत्कारिक झाला. ती खिडकीबाहेर बघत होती. रस्त्याकडेच्या गवतात कोणीतरी टाकलेलं टायर होतं, ती त्याच्याकडे बघत बोलली.

"मी विचारलं होतं, मी तुमच्याकडे राहायला येऊ का म्हणून. आईचं आणि माझं तेव्हा रोज वाजायचं. रोज म्हणजे रोज. महिनाभर घोकत होते, कसं विचारायचं. दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा तुम्ही एसी मोठा केलात." ती थांबली. "मला वाटलं, हेच उत्तर आहे."

गाड्या शेजारून जात होत्या, प्रत्येक गाडीबरोबर त्यांची गाडी जराशी हलत होती. त्याला काहीतरी करावंसं वाटत होतं, आणि करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. तिला नोकरी लागली होती, खोली ठरली होती, रोप मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेलं होतं. "ऐकू आलं असतं तर काय म्हणाला असतात?" तिने विचारलं, सहज विचारल्यासारखं. ये म्हणालो असतो, हे सोपं होतं, आयतं होतं, इस्त्री केलेलं होतं. तिला ते आवडलंही असतं. पण तिने सीटला टेकलेली मान त्याच्याकडे वळवली होती आणि तिचे डोळे इतके जवळ होते की खोटं बोललं तर बोट ओलं झालं असतं. "आधी विचारलं असतं," तो हळूच म्हणाला, "भांडण कोणी काढलं."

तिच्या नाकातून हसू फुटलं.

"आणि मग म्हणालो असतो, त्या मागच्या खोलीत पलंग बसत नाही."

आता ती मोठ्याने हसली, तोंडावर हात ठेवून, खांदे हलेपर्यंत. "अगदी! अगदी हेच म्हणाला असतास!" हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि तिने ते मनगटाने पुसले. "तू ना, बाबा." मग एक मोठा श्वास सोडला. "चल आता. आणि एसी लाव, उकडायला लागलंय." त्याने एसी लावला, एकवर. "ऐकू येतंय का?" त्याने विचारलं. "येतंय," ती म्हणाली. पुढचे तीन तास ती बोलत होती. नव्या साहेबांबद्दल, खोलीतल्या दुसऱ्या मुलीबद्दल, मांजर पाळू देतील का याबद्दल. तो हो, नाही, बरं, असं म्हणत होता आणि प्रत्येक शब्द ऐकत होता. असा रविवार त्याला चौदा महिन्यांपूर्वीच मिळाला असता. कदाचित रोजच मिळाला असता. हा विचार त्याने आला तसा जाऊ दिला, कारण ती बोलत होती.

तिची खोली दुसऱ्या मजल्यावर होती, जिना अरुंद. बॅगा वर नेऊन झाल्यावर ती त्याला सोडायला खाली आली. त्याने निळी बाटली दिली. तिने ती हलवून पाहिली, झाकण उघडून नाक मुरडलं, शिळं पाणी फुटपाथच्या कडेच्या झाडाला ओतलं आणि बाटली काखेत मारली. "चांगली आहे की अजून." "सुट्टी असली की ये," तो म्हणाला. "येईन. पण पलंग बसत नाही ना," ती म्हणाली, आणि दोघंही हसले. "पोचलास की कळव." ती जिना चढून गेली. वळणावर एकदा तिचा हात कठड्यावर दिसला, मग तोही दिसेना.

परतीचे चार तास त्याने एसी पूर्ण लावला होता, आता कोणाला ऐकू यायचं नव्हतं. सिग्नलला थांबलं की तो शेजारी वाकून मॅटवर बोट टेकवायचा. कोरडी. ठणठणीत कोरडी. मामाने काम चोख केलं होतं. पार्किंगमध्ये गाडी लावून तो खाली उतरला तेव्हा रखवालदार खुर्ची सोडून लगबगीने आला. "साहेब, तुमची गाडी गळतेय. हे बघा." गाडीच्या पोटाखाली थेंब पडत होते, एकामागून एक, आणि सिमेंटवर ताटाएवढा ओला डाग झाला होता. "गळायलाच हवी," तो म्हणाला. रखवालदाराला काही कळलं नाही, तरी त्याने मान डोलावली.

वर येऊन त्याने 'पोचलो' असं लिहिलं. मग दिवा लावून मागच्या खोलीत गेला. कपडे वाळत घालायची दोरी, इस्त्रीची फळी, जुन्या नळांचे चार खोके. खोके त्याने बाहेर आणून ठेवले, फळी दाराआड लावली, दोरी सोडली. बॅगेतून कारखान्यातली पोलादी टेप काढली. पाच वर्षं तो या घरात राहत होता, आणि ही खोली त्याने कधी मोजली नव्हती. खिडकीच्या भिंतीपासून दाराच्या भिंतीपर्यंत टेप ताणली, आकडा वाचला. पहिल्या मापावर विश्वास ठेवायचा नाही हा त्याचाच नियम, म्हणून गुडघ्यांवर बसून परत मोजलं. दोन्ही वेळा तेवढंच आलं. पलंग बसत होता. डोक्याशी लहानसं कपाटही राहिलं असतं, आणि खिडकी पूर्ण उघडायला जागा उरत होती.